उभ्या उभ्या वाचणारी माणसं

टेबलावर सगळ्यात पुढे काय मांडायचं यावर आम्हा कॉमिकवाल्यांचा जेवढा खल चालतो, तेवढा गोष्टीचा शेवट काय करायचा यावरही चालत नसेल. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळ्यात, वाट्याला येतं ते एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागची हातभर जागा. पुढच्या कडेला स्टिकर, कारण माणसाचा हात आपसूक तिथे पडतो. मागे जाळीच्या स्टँडवर प्रिंट, म्हणजे सुट्या कागदावर छापलेली चित्रं, कारण त्या दहा पावलांवरून दिसतात. आणि या दोन्हींच्या मधोमध, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कॉमिक आडवं पडलेलं. आडव्या पुस्तकाकडे चालता माणूस बघत नाही. म्हणून मी ते उभं करते, आणि शेजारी हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेली एक प्रत ठेवते. कोरं करकरीत पुस्तक उघडायला लोक बिचकतात. उघडलं तर घ्यावं लागेल असं त्यांना वाटतं. मळक्या प्रतीला कोणी बिचकत नाही. ती प्रत विकायची नसते.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. पोट चित्रांवरच चालतं, पण ती चित्रं माझी नव्हेत. शाळेच्या पुस्तकातली पचनसंस्था, औषधांच्या माहितीपत्रकावरचे सुजलेले गुडघे, लग्नपत्रिकेवरची नवरानवरी. या कामाला मी नावं ठेवत नाही. सुजलेला गुडघा सुजलेलाच दिसला पाहिजे आणि तरी बघवला पाहिजे, ही काही सोपी विद्या नाही. स्वतःची म्हणून आहे ती एका मगरीची गोष्ट. विश्वामित्री नदी बडोद्याच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की थाप वाटते. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि घरांच्या आवारांत आल्या, तेव्हा कुठे व्हिडिओ बघून लोकांचा विश्वास बसला. माझ्या गोष्टीतली मगर अशीच पुराच्या पाण्याबरोबर एका जुन्या मराठी वाड्याच्या चौकात येते आणि पाणी ओसरलं तरी जात नाही. वाड्यातली आजी तिचं सगळं पाहुणीसारखं करते, फक्त चातुर्मासात तिला घरच्या नियमातून सूट नाही.

चोवीस पानं, काळंपांढरं, वर रंगीत मुखपृष्ठ. पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे गोष्ट बावीस पानांत संपली तरी दोन पानं काहीतरी घडवावं लागतं. सुरुवातीला चकचकीत आर्ट पेपरवर छापत होते, मग मॅपलिथो या साध्या कागदावर आले. त्यावर काळी शाई मुरते, चकाकत नाही. शिवाय वजन कमी. १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला शंभर ग्रॅम भरणाऱ्या) कागदावर ए-फाइव्ह आकाराची एक प्रत पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरते, म्हणजे शंभर प्रतींचे साडेपाच किलो. हा हिशोब वडोदरा स्टेशनचा जिना चढताना आपोआप पाठ होतो. ऑफसेटवर छापलं तर प्रत स्वस्त पडते, पण प्लेटचा खर्च आधीच मोजावा लागतो, त्यामुळे प्रती पाचशे-हजार काढल्या तरच जमतं; आणि मग त्या पलंगाखाली आपल्याबरोबर म्हाताऱ्या होतात. मी डिजिटलवर थोड्या थोड्या काढते. बॅगेत उरलेल्या जागेत आई भाकरवडीचे पुडे कोंबते. बडोद्याची भाकरवडी, पुण्याची नव्हे. यावरून शेजारच्या टेबलाशी माझी एकदा जुंपलीही होती, आणि सगळा पुडा संपेपर्यंत निकाल लागला नाही.

भारतात कॉमिक कॉन (कॉमिक कन्व्हेन्शन) आलं ते फेब्रुवारी २०११मध्ये, दिल्ली हाटच्या मोकळ्या आवारात. पुढे मुंबई, बंगळुरू, हैदराबाद असं ते पसरत गेलं. आता ते एवढं मोठं झालंय की नाव कॉमिकचं असलं तरी गर्दी सिनेमाची, अ‍ॅनिमेची (जपानी कार्टूनची), गेमची आणि वेषांतर करून आलेल्या पोरांची असते. पुठ्ठ्याचं चिलखत घालून आलेला एखादा मुलगा दाराशी अडकतो आणि त्याची आई मागून ‘वाक, वाक’ म्हणत असते. मला ती आई फार आवडते. रात्ररात्र जागून गरम गोंदाच्या बंदुकीने ते चिलखत तिनेच चिकटवलेलं असतं बहुधा.

या गर्दीत खपतात त्या प्रिंट दुसऱ्यांच्या पात्रांच्या. फॅन आर्ट. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेने बघितलं तर परवानगीशिवाय दुसऱ्याचं पात्र काढून विकणं बसत नाही; व्यवहारात कंपन्या बहुतेक वेळा काणाडोळा करतात, आणि त्या काणाडोळ्यावर कित्येक टेबलांची भाडी निघतात. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. आपण सगळेच कोणाची तरी नक्कल करत हात बसवतो. पण ते घ्यायला येणारा माणूस माझ्या टेबलाशी थांबतो, माझ्यापाशी थांबत नाही. त्याला त्याचा नायक भेटला की तो पुढे जातो. म्हणून मी आता मगरीच्याच प्रिंट ठेवते. न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर बसलेली मगर, सूरसागर तलावात शंकराच्या मूर्तीकडे मान वर करून बघणारी मगर. कमी खपतात. पण ती बघून ‘ही कोण?’ असं विचारणारा माणूस मळकी प्रत उचलतो. अलीकडे काही टेबलांवर एआयकडून काढवून घेतलेल्या चकचकीत प्रिंटही दिसतात. आम्ही एकमेकांत कुजबुजतो, आयोजकांनी नियम करावा म्हणतो. घेणाऱ्याला फरक दिसतोच असं नाही, ते जास्त झोंबतं.

प्रिंट विकून चित्रकाराने जगावं ही कल्पना आमच्या बडोद्यातून निघाली, असं मी चारचौघांत ठोकून देते. अगदीच खोटं नाही ते. त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला पत्र लिहून सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे आणि तुमचे हात दोनच, तर काही निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापील, प्रती काढून घ्या. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं काढून घेतली, त्याच्या काही वर्षं आधीची ही चर्चा. पुढे १८९४मध्ये रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखानाच घातला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. तुमच्या-माझ्या आजीच्या देवघरात ज्या होत्या त्या त्यांच्याच पोरीबाळी. छापखाना मात्र कर्जात गेला, मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला आणि शेवटी तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. देशभर चित्रं पोचली आणि धंदा बसला, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टेबल लावणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकून ठेवावं.

विकायला जातो म्हणतो खरं, पण घाटा सोसून परत परत जाण्याचं माझं कारण वेगळं आहे. गोष्ट लिहिणाऱ्याला आपला वाचक वाचताना दिसत नाही. तो कुठल्याशा घरात, रेल्वेत, रात्री दिवा मालवायच्या आधी वाचतो. फार तर नंतर कळवतो की आवडलं. नाटकवाल्यांना समोर अंधारातली डोकी तरी दिसतात. माझं चोवीस पानांचं कॉमिक पाच-सात मिनिटांत उभ्या उभ्या वाचून होतं, आणि ते वाचणारा माणूस माझ्यापासून दोन फुटांवर असतो. मी हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसते आणि वरच्या पापणीखालून त्याच्याकडे बघते. अंगठा कुठे थांबला. कुठे मागे गेला. कुठे दोन पानं एकदम उलटली. ओठ हलले का. शेवटचं पान संपल्यावर परत पहिलं उघडलं का.

या चोरट्या बघण्याने मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात शिकवलं नसतं. ज्यांना कॉमिकची सवय आहे ते आधी चौकटीतलं चित्र घेतात, मग फुगा, म्हणजे पात्राचं बोलणं. ज्यांना नाही ते फक्त फुगे वाचत धावतात. त्यांच्यासाठी चित्र म्हणजे फुग्यामागचा पडदा. साठीच्या पुढची माणसं पुष्कळदा कुठल्या चौकटीनंतर कुठली हे शोधत अडखळतात, आणि चुकीच्या क्रमाने वाचूनही तक्रार करत नाहीत. त्यांना वाटतं गोष्टच तशी असेल. त्यांच्यासाठी मी चौकटींच्या ओळी सरळ ठेवू लागले. तिरक्या, एकमेकांत घुसणाऱ्या चौकटी काढायला मजा येते, पण ती माझी मजा.

सगळ्यात मोठा धडा पान उलटण्याचा. मगर पहिल्यांदा दिसते ते चित्र आधी उजव्या पानावर होतं. बघता बघता लक्षात आलं की लोक त्या चित्राशी पोचतात तेव्हा दचकत नाहीत. कसे दचकणार? उजवं पान डावं वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात आलेलं असतं. मगर मी एक पान पुढे ढकलली, डाव्या पानावर, म्हणजे ती उलटल्यावरच दिसणार. त्या एका पानासाठी आजीला चौकात दिवा लावायला जाताना आणखी चार चौकटी चालवावी लागली, आणि त्या चार चौकटी आता पुस्तकातल्या मला सगळ्यात आवडणाऱ्या आहेत. नव्या प्रतीत ते पान उलटल्यावर एका मुलीने ‘अगं बाई!’ म्हणून टेबलाची कड धरली. आजीच्या वयाचे उद्गार काढणारी ती पोर जेमतेम बारावीतली होती.

लोक हसतात तेही मी मांडलेल्या विनोदाला नाही. ज्या वाक्यावर मी खूष होते तिथे चेहरे कोरे. पुढच्या चौकटीत आजी नुसती तांब्या हातात धरून मगरीकडे बघते, तिथे हमखास हसू. असं पुरेसं पाहिल्यावर ते वाक्य मी काढून टाकलं.

एकदा एक गृहस्थ आले. ऑफिसातून थेट आल्यासारखे, गळ्यात ओळखपत्र. मळकी प्रत उचलली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मोठ्याने हसले, प्रत नीट सरळ करून जागेवर ठेवली आणि मगरीचा वीस रुपयांचा स्टिकर घेऊन गेले. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, ‘फुकट वाचून गेला की!’ मी त्या वेळी त्याच्या हो ला हो केलं. पण रात्री हिशोब लिहिताना सगळ्या विक्रीपेक्षा तोच आठवत राहिला. पूर्ण पैसे देऊन, प्रत पिशवीत टाकून, न उघडता गेलेले कितीतरी जण त्या दिवशी होते. त्यांनी ती वाचली की नाही, मला कधीच कळणार नाही.

मराठीत कॉमिक काढायचं तर अक्षरांशी वेगळी मारामारी असते. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं, अक्षराच्या वर नाही की खाली नाही, ओळीला ओळ चिकटवली तरी चालते. देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. मजकूर तेवढाच, पण फुगा मोठा होतो आणि चित्र आक्रसतं. फोटोशॉपमध्ये योग्य तो पर्याय निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटून पाय मोडून पडतात, आणि ते बहुतेक वेळा छापून आल्यावरच कळतं. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारखे चांगले फाँट आता फुकट मिळतात. मी तरीही फुगे हातानेच लिहिते. आजीचा आवाज फाँटमध्ये जरा सरकारी वाटतो.

त्यात आमची बडोद्याची गत निराळी. माझ्या वयाची इथली मराठी माणसं घरात मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. देवनागरी ओळखीची आहे ती हिंदीच्या तासामुळे. माझी मामेबहीण अस्खलित मराठीत भांडते, पण छापील मराठी वाचताना तिचं बोट ओळीवरून सरकतं. ती मुंबईला टेबलावर माझ्या मदतीला बसली तेव्हा मगरीची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण वाचली, हळूहळू, मधेच गिऱ्हाइकांना सुटे पैसे देत. तिला वाचताना पाहिल्यापासून मी शब्दांना कात्री लावत आले आहे. दुसऱ्या भागात सलग सहा पानं कोणी बोलतच नाही. आजी मात्र बोलते तेव्हा बडोद्याची मराठी बोलते, गुजरातीतले शब्द खुशाल ओढून आणत. पुण्याच्या एका काकांना त्या छपाईच्या चुका वाटल्या आणि त्यांनी अत्यंत सभ्यपणे, ‘आपली हरकत नसेल तर’ म्हणून, पेन्सिलीने दुरुस्त करायची परवानगी मागितली. मळक्या प्रतीवर दिली. पुढे कित्येक वाचक त्या पेन्सिलीच्या खुणाही गोष्टीचाच भाग समजून वाचत गेले.

वाड्याची चित्रं काढायला मी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन बसायचे. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. लाकडी, चार मजली वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत भिंती, दारं, छत, जिथे हात पोचला तिथे चित्रं. कृष्णलीला, महाभारत, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या लढाया, मधेच युरोपियन बाया. पट्ट्यांपट्ट्यांत, किनारी आखून चौकटी पाडलेल्या. एका चौकटीतून दुसरीत जायचं तर आपल्याला चालावं लागतं, मान वर करावी लागते, खोलीच्या कोपऱ्यात वळावं लागतं. माझा विषय निघाला की मी हे सगळ्यांना सांगते, कारण कॉमिक म्हणजे परदेशातून आलेलं पोरांचं खूळ, असं अजून आमच्या नात्यात पुष्कळांना वाटतं. त्यांना मी वाद घालत बसत नाही, रविवारी वाड्यात घेऊन जाते. एक काका जिन्यावर थांबून म्हणाले, ‘पण यात फुगे कुठायत?’ प्रश्न रास्त होता.

आणि टेबल मांडून बसणंही आमच्या गावाला नवीन नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये १९६०च्या दशकात फाइन आर्ट्स फेअर सुरू झाला. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे चित्रकार त्यासाठी लाकडाची, कातड्याची, मण्यांची खेळणी बनवायचे, आणि गावातली साधी माणसं ती विकत घ्यायची. त्याच बडोद्यात भूपेन खख्खर अर्धवेळ हिशोबनिसाची नोकरी करत चित्रं काढत होते. माणूस सनदी लेखापाल. औषधाच्या कंपनीचा गुडघा काढताना कंटाळा आला की मी खख्खरांची आठवण काढते. ते आकडे लिहीत होते. मी निदान चित्रं तरी काढते.

मोठ्या कॉनच्या पलीकडे लहान मेळेही असतात. इंडी कॉमिक्स फेस्टसारख्या ठिकाणी फक्त स्वतः छापलेलं घेऊन यायचं. ना चिलखतं, ना सिनेतारका. विक्री म्हणाल तर बेताची, पण येणारा वाचायलाच येतो. जपानमध्ये डिसेंबर १९७५ला टोकियोत ‘कॉमिकेट’ सुरू झालं तेव्हा असंच होतं, अवघी ३२ टेबलं आणि सातशेच्या आसपास माणसं. आज तिथे लाखांनी जातात. तिथे म्हणे विकणारा आणि घेणारा असा भेदच मानत नाहीत, सगळे सहभागी. आमच्याकडे हे शेवटच्या संध्याकाळी घडतं. गर्दी पांगते, दिवे अर्धे होतात, पाय सुजलेले असतात (काढायला बरे), आणि आम्ही एकमेकांच्या टेबलांवर जाऊन अदलाबदल सुरू करतो. तुझं कॉमिक, माझं कॉमिक. पैशाने बघितलं तर हा शुद्ध वेडेपणा, कारण साडेपाच किलो घेऊन आलेली बाई चार किलो विकून सहा किलो घेऊन परत जाते. पण माझं घरचं सगळं कॉमिक-संग्रहालय असंच उभं राहिलंय, आणि मळक्या प्रती तर खास निरखून घेतलेल्या: कोणाची किती मळलीये ते आम्ही एकमेकांना दाखवतो.

हिशोब बाबा बघतात. ते निवृत्त बँकवाले, त्यांना रकाने लागतात. टेबलाचं भाडं, रेल्वे, राहणं (मावशीकडे, म्हणून शून्य, बाबा तरी शून्य लिहितात, रकाना सोडत नाहीत), छपाई, फुकट वाटलेल्या प्रती. मागे एका हॉलमध्ये दुपारभर नेटवर्क गेलं आणि यूपीआय बंद पडलं, तेव्हापासून ‘सुटे पैसे’ असाही एक रकाना आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, स्टिकर आणि पोस्टरवर आहे, हे त्यांना कळल्यावर ते दोन दिवस खूष होते. सरकारची इच्छा आहे की तू पुस्तकच विकावंस, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, गिऱ्हाइकाचीही तशी इच्छा असती तर!

दुसरा भाग आता पूर्ण होत आलाय, बत्तीस पानं. मगर या वेळी आजीबरोबर कीर्तनाला जाते. किंमत दीडशे ठेवायची की दोनशे यावर घरात एकमत नाही. बाबा छपाईचा दर पुढे करून दोनशेवर अडून बसलेत, आई म्हणते पोरांच्या खिशात तेवढे नसतात. मामेबहिणीने डमी, म्हणजे नमुना प्रत, वाचली. बोट न सरकवता वाचलेल्या पानांवर तिने पेनाने बरोबरची खूण केली आणि अकराव्या पानावर मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ते पान मी आज रात्री परत काढायला घेते.